न भांडणारं घर

तळघरात झारविरुद्ध पत्रकं छापायची आणि वर नवराबायको म्हणून राहायचं, असं कामगारांच्या गुप्त संघटनेने ग्लाफिरा आणि येफीमला सांगितलं होतं. दोघंही भिडस्त. एकदा घरमालकीण कोबीचं सूप घेऊन आली आणि दारातच थबकली. "तीन महिन्यांत तुमचं भांडण ऐकलं नाही. लग्न झालंय ना नक्की? पोलिसातला माझा भाचाही विचारत होता." येफीम पांढराफटक पडला. ग्लाफिराने पळी आपटली. "भांडू कुणाशी, मावशी? या ठोंब्याला तोंड आहे का? दिवसभर राबते, पण 'जेवलीस का' म्हणून कधी विचारलं नाही यानं." बोलून झाल्यावर मालकिणीला दिसू नये म्हणून पाठ फिरवून तिने डोळे पुसले. "आता कसं घर वाटतंय," म्हणत म्हातारी खुशीत गेली. येफीम तळघरापर्यंत जाऊन परत आला. सूप वाडग्यात ओतत म्हणाला, "जेवलीस का?" "मालकीण तर गेली," ती म्हणाली. "म्हणूनच विचारतोय."