कपाळावरचं पाणी

लेकरू जगायचं नाही, हे सिस्टर सेसिलियानं मानेनंच सांगितलं. रामीबाई आईजवळ वाकली.

"पाणी लावू का, बाई?"

आईनं डोळे पुसत हो म्हटलं. रामीबाईनं वाटीतलं पाणी त्या इवल्याशा कपाळावर तीनदा सोडलं आणि शिकवलेले शब्द न अडखळता म्हटले, "पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं मी तुले बाप्तिस्मा देते." मग लेकराला छातीशी धरून ती बसून राहिली. श्वास थांबेपर्यंत तिनं त्याला खाली ठेवलं नाही.

सिस्टरला दर वेळी भरून येई. मारेगावच्या वाटेवरच्या या मिशनच्या दवाखान्यात ती वसईहून आली, तेव्हा शेजारच्या तांड्यातली ही बंजारा दाई आपणहून कामाला येऊ लागली होती. कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, आरसे जडवलेली कांचळी-चोळी आणि कामाला वाघीण. पण रामीबाई स्वतः ख्रिस्ती नव्हती. मरणाऱ्याला पाणी कोणीही घालू शकतं, घालणारा ख्रिस्तीच पाहिजे असं नाही, असा निर्वाळा फादर पास्कल यांनी दिला होता. मग या कामाला रामीबाईनं जणू कोणाला हातच लावू दिला नाही.

बाप्तिस्म्यावाचून गेलेलं लेकरू स्वर्गात जात नाही, असं सिस्टर लहानपणापासून शिकली होती. त्याला चटका बसत नाही, पण नरकाच्या कडेला, देवाचं तोंड न दिसणाऱ्या काळोखात ते कायमचं राहतं. मोठं माणूस पाण्यावाचून मेलं तर मात्र सरळ आग, आणि तीही कधी न विझणारी.

फादरचं प्रवचन लांबलं की बाकीचे पेंगत. नरकाचा विषय निघाला की रामीबाई मात्र शेत विकत घेणारा माणूस बांध-धुरे ऐकतो तशी कान देऊन ऐके. एकदा तिनं विचारलंही, "फादर, ते लेकरायची जागा आन् ते आग, लय लांब हाय काय एकमेकीपासून?"

"लांब कसली? कडेलाच," फादर म्हणाले.

"बरं," म्हणून ती कात्र्या उकळायला निघून गेली. बाई आगीला घाबरली, असं सिस्टरला वाटलं आणि तिला बरंच वाटलं. भीतीनं का होईना, बाप्तिस्मा घेईल.

पण ती घेईना. प्रार्थना सगळ्या तोंडपाठ, गुडघे सगळ्यांच्या आधी टेकलेले, आणि पाण्याचं नाव काढलं की हसून म्हणायची, "तांडा काय म्हणन, सिस्टर?"

वाळीत पडलेल्या बाईचे हाल सिस्टरला ठाऊक होते. पण जिनं इतक्या लेकरांना स्वर्गाची वाट दाखवली, ती स्वतः आगीत जायची, हे सिस्टरला सोसवत नसे. रोजच्या प्रार्थनेत ती देवाकडं एवढंच मागायची, हिला वाचव.

कापूस फुटायला लागला त्या सुमारास रामीबाई तापानं आडवी झाली. शुद्ध गेली. डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि कोणाला कळवायचं ते कळवा म्हणाले. दुपारी तांड्याचा नाईक देवसिंग आला. पागोटं काढून खाटेशी उभा राहिला. सिस्टरनं धीर करून बाप्तिस्म्याचं विचारलं.

"आमी कायले आडवे येऊ?" नाईक म्हणाला. "अर्ध्या तांड्यानं तिच्या हातावर जल्म घेतला. तिची मर्जी असन तं खुशाल द्या पाणी."

तिची मर्जी! ती तर सगळ्या दवाखान्याला दिसत होती. अडसर होता तो तांड्याचा, आणि तोही देवानं असा एका वाक्यात काढून टाकला. फादर पुसदला गेलेले, थांबायला वेळ नव्हता. नाईक बैल झाडाखाली बांधायला बाहेर गेला तेवढ्यात सिस्टरनं वाटी घेतली. रामीबाईनं इतरांना घातलं तसंच, तीनदा, तिनं रामीबाईच्या तापल्या कपाळावर पाणी घातलं आणि शब्द म्हटले. मग तिच्याच ओढणीच्या टोकानं ते कपाळ पुसताना ती आनंदानं रडली. आता काही झालं तरी ही बाई वाचली होती; एकदा दिलेला बाप्तिस्मा कोणालाच परत घेता येत नाही.

ऊन कललं तेव्हा रामीबाईनं डोळे उघडले. ओळखीचं हसली. सिस्टरला बातमी पोटात ठेवणं अवघड झालं.

"रामीबाई, नाईक येऊन गेले. तांडा आड येणार नाही म्हणाले. आता तुम्हाला कोणाची भीती नाही."

"तांडा कवा आडवा होता?" रामीबाईचा आवाज खोल गेला होता. "तुमाले वाईट वाटू नये म्हून तसं म्हणत होती मी."

"मग पाणी का घेतलं नाही?"

"माह्यं एक पोट्टं होतं. अंगावर पेत होतं तवाच गेलं. नावबी ठेवलं नवतं. तवा इथं दवाखाना नवता, पाणी लावणारं कोणी नवतं. ते त्या काळोखात हाय, सिस्टर, एकटंच. मी पाणी घेतलं तं देवापाशी जाईन, त्याच्यापासून लय दूर. आगीत राह्यली तं ते कडेलाच हाय. रडलं तं आवाज देता येईन त्याले."

सिस्टरची नजर खाटेजवळच्या रिकाम्या वाटीकडं गेली. असं प्रेम तिनं वसईच्या घरात पाहिलं नव्हतं, मठातही नाही. रामीबाईनं तिचा हात घट्ट धरला.

"मी पुन्हा बेसुध पडली तं फादर पाणी घेऊन येईन. त्याले माह्या कपाळाले हात लावू देऊ नका. तुमच्यावर भरोसा हाय माहा."