शारदाबाईंची साक्ष

“गाडी कोणत्या रंगाची होती, असं पुन्हा विचारतायत,” गिरिजा म्हणाली.

“काळी. शंभरदा सांगितलं. ही बाई काय पाढे म्हणून घेतीया का माझ्याकडनं?”

गिरिजानं सासूचं बोलणं इंग्रजीत सांगितलं, पाढे तेवढे गाळले. सोफ्यावर बसलेल्या वकीलबाईंनी कागदावर काहीतरी टिपलं, इथल्या पद्धतीनं “ग्रँड”, म्हणजे छान, म्हणाल्या आणि चहाचा घोट घेतला.

शारदाबाई त्यांच्या बुटांकडे बघत होत्या. चिखलाच्या बुटांनी ही बया थेट गालिच्यावर आली होती. पण पोराच्या कामाची बाई, म्हणून त्यांनी जीभ आवरली.

जयदीप खिडकीशी बसला होता. पँटचा डावा पाय गुडघ्याखाली दुमडून पिन लावलेली. जानेवारीत तो आईला मोटरसायकलवर मागं बसवून एका मराठी घरी हळदीकुंकवाला सोडायला निघाला होता. गिरिजा ड्यूटीवरून परस्पर यायची होती. कासलबार गावाच्या बाहेर, दोन्हीकडे दगडी गडगे असलेल्या अरुंद रस्त्यावर मोटरसायकल आडवी झाली. शारदाबाईंचं कोपर खरचटलं. जयदीपचा पाय गेला, आणि त्या दिवसाची आठवणही गेली.

म्हणून एक गाडी घासून न थांबता गेली, हा सगळा दावा शारदाबाईंच्या जिभेवर उभा होता. ती जीभ काय चीज आहे, ते त्यांच्या गावी, मसूरमध्ये, कुणालाही विचारावं. शाळा चौथीतच सुटली, पण दोन जावा आणि एक तलाठी त्या जिभेनं सुतासारखे सरळ केले होते.

जयदीपचं काम कारखान्यात, दिवसभर मशीनपुढं उभं राहायचं. कंपनी उन्हाळ्यापर्यंत थांबणार होती. तोवर चांगला पाय बसला तर नोकरी; नाहीतर इथला मुक्काम संपला, गाशा गुंडाळून परत. तसला पाय भरपाईशिवाय परवडणारा नव्हता. दुसऱ्या गाडीची चूक असेल तर भरपाई. आपला आपण पडला असेल तर हात हलवत घरी जायचं. हे गिरिजाला हॉस्पिटलात पहिल्याच दिवशी कुणीतरी सांगितलं होतं, आणि गिरिजानं तिथंच सासूला.

“आई,” जयदीप खिडकीतून नजर न काढता म्हणाला, “नीट आठव. मीच वेगात असेन तर तसं सांग. मला राग नाही येणार.”

“तू गप. तुझी काडीची चूक न्हाई. एवढं मी देवापुढं उभी राहून सांगीन.”

“पण मला सारखं वाटतं...”

“वाटण मिक्सरात असतं. मी मागं बसलेले, मी बघितलंय.”

जयदीपला किंचित हसू आलं. वकीलबाईंनी कप खाली ठेवला आणि गिरिजाशी बराच वेळ बोलल्या. ऐकता ऐकता गिरिजाचे डोळे भरून आले.

“आई, गाडी सापडली!”

“कुठली गाडी?”

“कुठली काय! तुमची काळी गाडी. पेट्रोल पंपाच्या कॅमेऱ्यात दिसली.”

शारदाबाई उठल्या आणि कप विसळायला आत गेल्या. नळ बराच वेळ चालू राहिला. सुटकेचं रडू आलं असेल, म्हणून गिरिजा मागं गेली नाही.

गाडी मार्टिन नावाच्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याची निघाली. बायको वृद्धाश्रमात, तिला घास भरवायला तो रोज दुपारी त्याच रस्त्यानं जायचा. एका डोळ्यात मोतीबिंदू. गाडीच्या डाव्या अंगाला लांबच लांब ओरखडा, तो कशाचा हे त्याला सांगता आलं नव्हतं. पोलिसांनी शारदाबाईंचा जबाब वाचून दाखवला, तेव्हा तो एवढंच म्हणाला, “बाईंनी पाहिलंय म्हणता, तर मीच असणार.” त्यानं गाडीच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या. कोर्टात तो गुन्हा कबूल करणार होता, आणि त्याची विमा कंपनी भरपाई देणार होती.

रविवारी दुपारी तो दारात उभा राहिला. चार मैल पायी आला होता. हातात फडक्यात गुंडाळलेला सफरचंदाचा टार्ट. टोपी काढून तो जयदीपच्या पायाकडे बघत राहिला.

“बसा,” जयदीपनंच हात पुढं केला. “मुद्दाम थोडंच केलंत तुम्ही.”

“बायको वाट बघते म्हणतायत,” गिरिजा हळू आवाजात सासूला सांगू लागली. “आता पुतण्या आठवड्यातनं एकदाच नेतो. इतर दिवशी ती जेवतच नाही. पण ते म्हणतात, ही शिक्षा बरोबरच आहे.”

शारदाबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या.

मार्टिन त्यांच्याकडे वळला, सावकाश काहीतरी म्हणाला आणि थांबला.

“आई, ते विचारतायत...” गिरिजा म्हणाली. “ते म्हणतात, कुणाला रस्त्यात टाकून जाणारा माणूस मी नाही. पण मला खरंच काही दिसलं नाही. तुम्ही मला नक्की पाहिलंत ना? तेवढं तुमच्या तोंडून ऐकू दे, म्हणजे देवापुढं कबुली देताना मी अडखळणार नाही.”

शारदाबाईंनी म्हाताऱ्याकडे पाहिलं. मग जयदीपच्या दुमडलेल्या पँटकडे, तिला लावलेल्या पिनेकडे.

“बघितलं,” त्या म्हणाल्या. “तुम्हीच होता.”

गिरिजानं सांगितलं. म्हाताऱ्यानं मान खाली घातली आणि त्यांचे दोन्ही हात हातात घेऊन आभार मानले.

मोटरसायकल आडवी झाली तेव्हा त्या रस्त्यावर दुसरी गाडीच नव्हती. पुढं धुकं होतं, आणि मागच्या चाकात गुंडाळलेला स्वतःचा पदर शारदाबाईंनी लोक जमायच्या आत दातांनी फाडून काढला होता.