सुतळीची गाठ

ऋषिराजनं गॅरेजात गाडी लावली. "कृष्णातमामा, उंची कमी-जास्त करता येणारे कॉइलओव्हर स्प्रिंग बसवा. गाडी खाली घ्यायची हाय."

मी भडकलोच. "तुमा पोरांना कसली थेरं सुचत्यात! कोरेगावातल्या पहिल्याच स्पीडब्रेकरला पोट घासंल की रं."

"हळू चालवीन." त्यानं खिशातून गाठ मारलेली सुतळी काढली. "पर शीट जमिनीपासनं एवढ्यावरच आलं पायजे."

मी पुटपुटत स्प्रिंगांच्या रिंगा फिरवायचो, गाडी जॅकवरून उतरवायचो आणि तो सुतळी लावून मान हलवायचा. तिसऱ्या खेपेला शीट बरोबर गाठीला आलं.

तशीच गाडी घेऊन आम्ही त्याच्या घरी गेलो. अंगणात त्याचे वडील, रिटायर सुभेदार, व्हीलचेअरवर बसले होते. त्यांनी खुर्ची गाडीच्या दाराला भिडवली. दोन्ही बैठका एका पातळीत होत्या. हातांवर जोर देऊन ते आत सरकले आणि दार स्वतःच ओढून घेतलं.

मग खिडकीतून त्यांनी माझा काळा, ऑइलनं माखलेला हात धरला.

"मिस्त्री, लय उपकार झालं. चार वर्षं घरची माणसं मला गाडीत उचलून ठेवत हुती. आज मी बसलो."