बहुरूप्याची निवड

प्रत्येकाने एकेक पात्र होऊन खेळायच्या त्या खेळात थोरली योद्धा झाली, धाकटी वैद्य. फार दिवसांनी मुलींनी आपल्यात घेतले म्हणून त्यांचे वडील घड्याळजी हरखले होते. पण त्यांचे पात्र काही ठरेना.

"बाबा, बहुरूपी व्हा ना! कुणाचाही आवाज काढायचा, नुसती धमाल," धाकटी म्हणाली.

त्यांनी थोरलीची नक्कल केली. स्वर इतका हुबेहूब उमटला की ते स्वतःच दचकले.

थोरली हसता हसता थांबली. "पुरे आता. तुमच्या आवाजात बोला."

त्यांनी परोपरीने यत्न केला. प्रत्येक वेळी थोरलीचाच स्वर निघाला.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून घड्याळजींचा नेहमीचा खोकला ऐकू आला. "पोरींनो, मला सोडूनच डाव मांडलात होय?"

धाकटीने आपली खुर्ची शेजारी बसलेल्या घड्याळजींपासून हळूच दूर सरकवली.