राखाडी चौकोन

पाठ सुरू करण्याआधी उद्दिष्ट सांगायचं असतं. तिने सांगितलं, "तंत्रज्ञानाच्या मदतीने शेवटच्या बाकावरचं मूलसुद्धा माझ्या नजरेतून सुटणार नाही." परीक्षक बाईंनी मान डोलावली, पण टॅबवरची नजर काही काढली नाही.

मुलं म्हणजे तिच्याच तुकडीतले भावी शिक्षक. अध्यापक महाविद्यालयाच्या शेवटच्या परीक्षेत एकाने शिकवायचं आणि बाकीच्यांनी आठवीतली मुलं व्हायचं, अशी पद्धत. त्यामुळे पहिल्या बाकावर दोन मिशीवाली मुलं होती, मधल्या बाकावरच्या मुलीला चारच्या आत स्वतःचं मूल पाळणाघरातून आणायचं होतं, आणि शेवटच्या बाकावर काका होते. वयाने सगळ्यांत मोठे, म्हणून काका. गेल्या वर्षी नापास झालेले. ही त्यांची शेवटची संधी. सकाळी त्यांनीच तिला धीर दिला होता. घाबरू नकोस, ठरलेला प्रश्न मी बरोबर वेळेवर विचारतो, पुढचा पाठ आपसूक चालू लागतो.

छताच्या मधोमध यंदा सगळीकडे बघणारा कॅमेरा बसवला होता. कोणाचं लक्ष आहे, कोणाचं नाही, हे तो ठरवायचा आणि भिंतीवरच्या पडद्याच्या कडेला प्रत्येक जागेचा, फळ्यासमोरच्या जागेचासुद्धा, चौकोन रंगवायचा. लक्ष असेल तर हिरवा, नसेल तर लाल. जागा रिकामी असेल तर राखाडी. लाल चौकोन दिसला की शिकवणाऱ्याचे गुण कापले जात. पाळी प्रत्येकावर येणार होती, त्यामुळे सगळे एकमेकांसाठी पासपोर्टचा फोटो काढायला बसल्यासारखे बसले होते. एकाला शिंक आली, ती त्याने डोळ्यांतून काढली.

इंग्रजीचा धडा दीपगृहाचा होता. तिने तो वाचून दाखवला, पडद्यावर समुद्र आणला, दिवा आणला, आणि थांबली. शेवटच्या बाकावरून हात वर आला.

"मॅडम, दीपगृहावरचा माणूस झोपतो कधी?" काकांनी आठवीतल्या आवाजात आणि बऱ्यापैकी इंग्रजीत विचारलं.

"रिकाम्या बाकाकडे काय बघताय?" परीक्षक बाई म्हणाल्या.

तिने पडद्याकडे पाहिलं. शेवटचा चौकोन राखाडी होता.

तिथे काका आहेत, असं तिने सांगितलं. बाई अजिबात चिडल्या नाहीत. त्यांनी समजावलं, की यंत्रणेला तिथे कोणी दिसत नाही. त्यांनी स्वतः मान वळवून पाहिलं तर ते त्यांचं वैयक्तिक मत होईल, आणि परीक्षा मतांवर चालत नाही. काका उभे राहिले. त्यांनी दोन्ही हात हलवले, मग चष्मा काढून हलवले, मग चष्माच हलवला. चौकोन राखाडीच राहिला. एका मिशीवाल्याला हसू फुटलं, त्याचा चौकोन लाल झाला, तसं त्याने ते हसू परत घेतलं.

"तुमचं उद्दिष्ट काय होतं?" बाईंनी विचारलं. "तंत्रज्ञानाच्या मदतीने. त्याच्याशी भांडून नव्हे."

एका शाळेने तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती, तीही या पाठाचा निकाल लागेपर्यंतच. घरी आईने शेजारणींसमोर तिला "आमच्या बाई" म्हणायला सुरुवातसुद्धा केली होती. तिने घसा खाकरला, शेवटच्या बाकावरची नजर उचलून पहिल्या बाकावर ठेवली आणि कोणाला काही शंका आहे का, असं विचारलं. हसू परत घेतलेल्या मिशीवाल्याने हात वर केला आणि काकांचाच प्रश्न जसाच्या तसा विचारला. त्याचा चौकोन हिरवागार झाला.

काकांनी हात खाली घेतला. अगदी सावकाश, आवाज होईल या भीतीने घ्यावा तसा.

पुढचा पाठ खरंच आपसूक चालला. संपल्यावर बाई म्हणाल्या, "शेवटी सावरलंत. बऱ्याच जणांना ते जमत नाही." मग त्यांनी पुढचं नाव पुकारलं. ते काकांचं होतं.

काका पुढे आले. पडद्यावर त्यांचा भरवसा नव्हता, म्हणून त्यांनी खिशातून खडू काढला. ती त्यांच्या मोकळ्या झालेल्या बाकावर जाऊन बसली. बसताक्षणी शेवटचा चौकोन हिरवा झाला. म्हणजे बाकात काही खोट नव्हती.

फळ्यासमोरचा चौकोन आता राखाडी होता.

काका उद्दिष्ट सांगत होते. बाई टॅबकडे बघत वाट पाहत होत्या. काकांनी तेच उद्दिष्ट मोठ्याने सांगितलं. बाईंनी वर्गाला विचारलं, की या गृहस्थांना आज इथे कोणी पाहिलंय का. सगळे हनुवटी वर करून सरळ समोर, म्हणजे काकांकडेच, बघत राहिले. सगळे चौकोन हिरवे होते. शेवटचासुद्धा.

"गैरहजर," बाई म्हणाल्या, आणि तिच्याकडे वळल्या. "वेळ कशाला फुकट घालवायचा? तुमचा हात बसलाय. तुम्हीच आणखी एक छोटा पाठ घ्या, वाढीव गुण देते."

ती उठून फळ्यापाशी गेली. जवळून काकांच्या कपाळावरचा घाम दिसत होता.

"तू तरी सांग ना यांना," ते हळूच म्हणाले.

तिने वर्गाकडे तोंड केलं, कॅमेऱ्यात नीट दिसेल अशी उभी राहिली आणि न बघता बाजूला हात केला. काकांच्या मुठीतून खडू सुटायला तिला जरा ओढावं लागलं. खडू कोमट होता.