मुलीच्या खोलीचं माप

"काका, वहीत भिंत दहा फूट आहे. नकाशात दहा फूट दोन इंच कशी झाली?" मॅडमनी पट्टी ठेवून विचारलं.

इंटिरियर डिझाइनच्या वर्गात साठी ओलांडलेले काका एकटेच. त्याआधी चाळीस वर्षं शिंपीकाम केलेलं. ओशाळून म्हणाले, "दोन्हीकडे इंच-इंच जादा सोडलं. पुढे सैल करायची वेळ आली तर असावं."

"भिंत उसवता येत नाही, काका."

वर्ग हसला. काकाही हसले. तीन महिन्यांत वर्गाने त्यांची पहिल्यांदाच दखल घेतली होती, मग ती हसण्यावारी का होईना.

गृहपाठ म्हणून घरातली एक खोली नव्याने आखून आणायची होती. काकांनी मुलीची घेतली. लग्नानंतर परदेशी गेलेली लेक पुढच्या महिन्यात नवऱ्याबरोबर येणार होती. खोली अशी जमावी की चार दिवसांसाठी आलेली माणसं आठ दिवस राहावीत, एवढाच त्यांचा स्वार्थ. एकट्याला घर खायला उठायचं.

मॅडमनी गिऱ्हाइकाने भरायची प्रश्नावली चाळली. "सगळी उत्तरं तुमच्याच अक्षरात? मुलीला विचारलंत का?"

गिऱ्हाइकाला न विचारता त्यांनी आजवर कापडाला कात्री लावली नव्हती. तसेच उठले, जिन्यात गेले आणि फोन लावला.

"अगं, अभ्यासाचं आहे, पटापट सांग. या खोलीत रोज किती तास असाल?"

"बाबा..." लेक अडखळली. "आम्ही हॉटेल घेतलंय. तुमची उगाच धावपळ नको म्हणून. रोज येऊ ना भेटायला."

"बरं केलंस."

"आणि ती खोली तुम्ही तुमच्यासाठीच करा की. मस्त, तुम्हाला हवी तशी."

"बघतो."

पुढचे अकरा प्रश्न त्यांनी विचारलेच नाहीत. फोन ठेवून पायरीवर बसून राहिले. वाईट वाटलं, फार वाटलं. वरून पोरं उतरायला लागली तेव्हा वाट द्यायच्या निमित्ताने भिंतीकडे वळले.

वर्गात आल्यावर मॅडमनी विचारलं, "बोललात?"

"बोललो. म्हणते, खोली तुमच्यासाठीच करा."

"मग काय, सोपंच झालं." मॅडमनी कोरी प्रश्नावली पुढे सरकवली. "आता गिऱ्हाईक तुम्हीच. घ्या स्वतःचं माप."

काकांनी पेन उघडलं, पहिल्या ओळीवर टेकवलं. मग परत टोपण लावलं.

"मॅडम, आमच्या धंद्यात स्वतःचं माप स्वतःला घेता येत नाही," ते म्हणाले. "टेपचं दुसरं टोक धरायला कुणीतरी लागतं."