निळा की जांभळा?

शालनताईंच्या डाव्या पायात निळा बूट होता, उजव्यात जांभळा. दोन्ही सपाट तळव्यांसाठी बनवलेले, आतल्या बाजूने भक्कम आधार असलेले. चार पावलं पळलं की त्यांचे घोटे आत कलायचे आणि गुडघे ठणकायचे. आज जमलं नाही तर पळण्याचा नाद कायमचा सोडायचा, असं ठरवूनच त्या बुटांच्या दुकानात आल्या होत्या.

"बसून काय कळणार? बाहेर फुटपाथवर पळून बघा," दुकानदार म्हणाले.

शालनताईंनी ओढणी कमरेला बांधली आणि त्या सुटल्या. रसवंतीगृह मागे पडलं, बँक मागे पडली, तरी गुडघे गप्पच! त्यांना असं हसू फुटलं की रस्त्यावरची माणसं वळून बघू लागली.

"अगं थांब! बूट दुकानाचे आहेत!" मागून त्यांचे यजमान चपला फटफटवत धावत होते. चौकात गाठल्यावर कमरेवर हात ठेवून त्यांनी कसंबसं विचारलं, "मग? निळा की जांभळा?"

"अगंबाई! पायांकडे माझं लक्षच नव्हतं हो," डोळ्यांतलं पाणी पुसत शालनताई म्हणाल्या. "परत जाताना बघते!"

आणि यजमानांना तिथेच सोडून त्या पुन्हा पळत सुटल्या.